विद्यापीठात नवे आहात? कुठे बोलायचं, कुठे लिहायचं आणि पोच कशी घ्यायची

विद्यापीठाच्या आवक विभागाच्या खिडकीत मी सात वर्षं बसलो. कुठल्या विद्यापीठाच्या, ते सांगत नाही. सांगून फरकही पडणार नाही, कारण खिडक्या सगळीकडे सारख्याच. दरवर्षी प्रवेशाची गर्दी ओसरली की एक-दोन मुलं यायची. हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला कागद. "काका, हा अर्ज कुठे द्यायचा?" दोन ओळी वाचल्या की कळायचं, प्रकरण गंभीर आहे आणि अर्ज कच्चा आहे.

किनवटकडचा एक मुलगा होता. वर्गात सर हजेरी घेताना मुद्दाम त्याचं आडनाव दोनदा उच्चारायचे, मग "फ्रीशिपवाले हात वर करा" म्हणायचे. तीन महिने तो तोंडी सांगत फिरला. विभागप्रमुख म्हणाले "बघतो", वसतिगृहाचे रेक्टर म्हणाले "मी बोलतो सरांशी". पुढे चौकशी लागली तेव्हा दोघांनीही एकच उत्तर दिलं, "आमच्याकडे तक्रार आलेली नाही." आणि ते खोटं नव्हतं. कागदच नव्हता.

हा लेख राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत नव्याने आलेल्यांसाठी आहे. त्यातही घरातून पहिल्यांदाच कुणीतरी एवढं शिकायला बाहेर पडलंय, अशांसाठी जास्त.

पायरी १ : कुठल्या आवारात उभे आहात ते बघा

सरकारी किंवा कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ हे राज्यघटनेच्या कलम १२ नुसार 'राज्य' समजलं जातं. म्हणून कलम १४ ची समानता, कलम १५ ची भेदभावबंदी आणि कलम १९ चं भाषणस्वातंत्र्य हे सगळं त्याच्यावर थेट लागू होतं. कुलगुरूंनाही, रेक्टरलाही. विनाअनुदानित खासगी महाविद्यालयात हे इतकं सरळ नसतं. तिथे संलग्नतेच्या अटी, विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यूजीसीचे विनियम आणि फौजदारी कायदे यांच्या वाटेने जावं लागतं. वाट लांब आहे, पण बंद नाही.

एक बारकावा. कलम १९ फक्त नागरिकांना आहे. पुण्यात परदेशातून आलेली बरीच मुलं शिकतात. त्यांना समानतेचं संरक्षण मिळतं, पण मोर्चात घोषणा देण्याआधी त्यांनी व्हिसाचा विचार करावा. मित्र म्हणून तुम्हीही त्यांना पुढे ढकलू नका.

पायरी २ : बोलणं आणि वागणूक यांची गल्लत करू नका

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

वर्गातल्या चर्चेत एक मुलगा उठून म्हणतो, "आरक्षण रद्द केलं पाहिजे." तुम्हाला ते लागतं. लागणारच. पण हे मत आहे. घटनेच्या १९(२) मध्ये भाषणावर बंधन घालायला आठ कारणं दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'मला वाईट वाटलं' हे त्यांत नाही. त्या मुलाला उत्तर द्यायचं ते तिथेच उभं राहून, तयारी करून, आकडे घेऊन.

आता तोच मुलगा तुमच्या खोलीच्या दारावर खडूने 'कोटा' लिहितो. मेसमध्ये तुम्ही बसलात की ताट घेऊन उठतो आणि दुसऱ्यांनाही उठवतो. हे मत राहिलं नाही. ही वागणूक झाली.

आणि तेच आरक्षणाचं वाक्य तुमचे मार्गदर्शक सर तुमच्याकडे बघून, तुमच्या प्रबंधाचा मसुदा हातात धरून म्हणाले तर? मी सात वर्षांत एक कसोटी शिकलो: बोलणाऱ्याच्या हातात तुमचे गुण, तुमची खोली, तुमची सही किंवा तुमची शिष्यवृत्ती आहे का? असेल तर त्याचं बोलणं नुसतं बोलणं राहत नाही. सरांनाही मत असू शकतं, ते त्यांनी लेखात लिहावं, व्याख्यानात मांडावं. मसुदा परत करताना नव्हे.

ही कसोटी कायद्याच्या पुस्तकातली नाही, माझी आहे. पण यूजीसीच्या २०१२ च्या समता विनियमांत भेदभावाची जी उदाहरणं दिली आहेत ती बघितलीत तर बहुतेक अशीच निघतील. वर्गात जात जाहीर करणं, 'राखीव' म्हणून शिक्का मारणं, भेटायला वेगळी वेळ देणं, वसतिगृहात-मेसमध्ये वेगळं बसवणं, निकाल वा शिष्यवृत्ती अडवून ठेवणं. हे विनियम जात, धर्म, भाषा, वंश, लिंग, अपंगत्व या सगळ्यांबद्दल बोलतात. म्हणजे अहिराणी वळणाचं मराठी ऐकून वर्गात नक्कल करणारे प्राध्यापकही त्यात येऊ शकतात.

२०२६ च्या जानेवारीत यूजीसीने या विषयावर नवे विनियम काढले. त्यावरून दोन्ही बाजूंनी रान उठलं आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चे विनियमच चालू ठेवले. हा सगळा विषय न्यायालयात गेला तो रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या आयांनी २०१९ मध्ये केलेल्या याचिकेतून. रोहित हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात संशोधक होता, पायल मुंबईत नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. दोघांनीही जीव दिला, आणि मागे जातीवरून छळ झाल्याचे आरोप राहिले. तेव्हा अर्ज लिहिताना नेमके कुठले विनियम चालू आहेत, ते त्या आठवड्यात तपासून घ्या.

पायरी ३ : पहिल्या आठवड्यात चार कागद गोळा करा

तक्रार नसतानाच हे करायचं. भांडण सुरू झाल्यावर कुणी कागद देत नाही.

प्रवेशावेळी ज्या हमीपत्रावर सही केलीत, त्याचा फोटो. मुलं न वाचता सही करतात आणि "आवारात कुठल्याही आंदोलनात भाग घेणार नाही" असं काहीतरी त्यात लिहिलेलं असतं. अशा वाक्यामुळे घटनेतला हक्क संपत नाही, पण शिस्तभंगाच्या नोटिशीत तेच वाक्य तुमच्यासमोर येतं. माहीत असलेलं बरं.

दुसरं, वसतिगृहाची नियमावली. तिसरं, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची समित्यांची यादी: समान संधी केंद्र, भेदभावविरोधी अधिकारी, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंगविरोधी समिती. नावं आणि ईमेल उतरवून ठेवा. यादी तीन वर्षांपूर्वीची असेल आणि त्यातले निम्मे निवृत्त झाले असतील, तर तोही पुरावाच. तारखेसह स्क्रीनशॉट काढा. चौथं, मूळ कागदपत्रं. दाखला, गुणपत्रकं, जातीचं आणि वैधतेचं प्रमाणपत्र. तपासायला द्या, परत घ्या. संस्थेने मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे. अडकलेला दाखला हा सगळ्यात स्वस्त लगाम असतो. त्याच्या जोरावर मुलांना गप्प बसवलेलं मी पाहिलंय.

पायरी ४ : वही

दोनशे पानी साधी वही घ्या. जे घडलं ते त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, नेमके शब्द काय, समोर कोण होतं. शब्द जसेच्या तसे. शिवी असेल तर शिवीसकट. "अपमानास्पद बोलले" असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही काय बोलले ते.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट काढताना ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ चॅट पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपा. नोटीसबोर्डावरचा कागद असेल तर आधी लांबून फोटो, मग जवळून, म्हणजे बोर्ड कुठला ते कळतं.

साक्षीदार मित्राला लगेच सही करायला लावू नका, तो घाबरेल. नुसतं "तू होतास ना तेव्हा?" असा मेसेज टाका. त्याचं "हो रे, वाईट वाटलं" एवढं उत्तरही बऱ्याचदा पुरतं.

पायरी ५ : कुठल्या दारात जायचं

दारं अनेक आहेत, आणि चुकीच्या दारात गेलात की "हे आमच्याकडे येत नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

जात, धर्म, भाषा, अपंगत्व यांवरून वेगळी वागणूक मिळाली, तर समान संधी केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी. हा अधिकारी प्राध्यापक दर्जाच्या खालचा असता कामा नये, आणि २०१२ च्या विनियमांनुसार तक्रारीचा निकाल साठ दिवसांत लागायला हवा.

वरच्या वर्गातल्या मुलांकडून त्रास होत असेल तर तो रॅगिंगमध्ये बसतो का ते आधी बघा, कारण ते दार सगळ्यात लवकर उघडतं. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवून जात, धर्म, रंग, प्रांत, भाषा, लैंगिकता, दिसणं, आर्थिक परिस्थिती यांवरून होणारा शारीरिक-मानसिक छळ त्यात घातला. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्रास देणाऱ्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. रात्री दोन वाजता खोलीत कोंडलेल्या मुलाला समान संधी केंद्राचा उपयोग नाही, या नंबरचा आहे.

लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत संपायची. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही लागतात. एक गोष्ट मुलींनी पक्की ध्यानात ठेवावी: समेट घडवायचा तर तो फक्त तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून, आणि पैसे देऊन-घेऊन तर मुळीच नाही. "त्याचं करिअर जाईल गं, माफी मागतोय ना" असं समितीतल्याच कुणी मॅडम म्हणाल्या, तर त्यांना विनयाने विचारा, "मॅडम, हे इतिवृत्तात लिहाल का?" पुढे त्या विषय बदलतात.

गुण, हजेरी, फी, निकाल, शिष्यवृत्ती असलं सगळं २०२३ च्या विनियमांखालच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातं. समितीने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. लोकपाल नेमलाय का, हे मात्र आधी विचारून घ्या.

अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं असेल, तर समितीची वाट न बघता पोलीस ठाण्यात जाता येतं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 'लोकांच्या नजरेसमोर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बंद खोलीत दोघांतच झालेलं बोलणं त्यात बसवणं अवघड जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं. भरलेला वर्ग, मेस, सभागृह ही उघड्यावरची जागा. म्हणून वहीत 'समोर कोण होतं' हा रकाना. तक्रारीसोबत जातीच्या दाखल्याची प्रत जोडा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोन १५१००.

पायरी ६ : अर्ज

माझ्या खिडकीत आलेल्या अर्जांपैकी बहुतेक असे असत: "महोदय, अमुक सर जातीयवादी असून माझ्यावर वारंवार अन्याय करतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती." यावर समिती काय करणार? सरांना विचारणार, सर नाही म्हणणार, फाईल बंद.

असा लिहा:

"प्रति, मा. भेदभावविरोधी अधिकारी. विषय: वर्गात जातीवाचक उल्लेख करून भेदभाव केल्याबाबत. महोदय, मी एम.ए. भाग १ चा/ची विद्यार्थी/विद्यार्थिनी आहे. दि. १२ ऑगस्ट रोजी दुपारी २.३० च्या तासाला विभागाच्या वर्ग क्र. ३ मध्ये अंदाजे ४० विद्यार्थ्यांसमोर श्री. … यांनी मला उभे करून 'तुम्हाला काय, तुम्ही कोट्यातले, नापास झालात तरी पास' असे म्हटले. यापूर्वी दि. २८ जुलै व ५ ऑगस्ट रोजीही असे घडले (तपशील सोबत). यूजीसीच्या २०१२ च्या समता विनियमांनुसार हा भेदभाव आहे. माझी मागणी: १) चौकशी करून लेखी निष्कर्ष कळवावा. २) चौकशी पूर्ण होईपर्यंत माझे अंतर्गत मूल्यमापन अन्य शिक्षकांकडून करावे."

दुसरी मागणी मुलं विसरतात. तक्रार द्यायला धैर्य लागतंच, पण नंतरचे चार महिने गुण त्याच सरांच्या हातात असतात. तिथे आडोसा मागून घ्या.

विशेषणं काढून टाका. 'अमानुष', 'निंदनीय', 'मनुवादी' हे भाषणात ठीक. अर्जात तारीख जास्त जोरात बोलते.

आता पोच. अर्जाच्या दोन प्रती घ्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घ्यायचा. "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तर हसून तिथेच उभं राहायचं. आवक विभागाचं काम कागद घेणं आहे, तो बरा की वाईट हे ठरवणं नाही. मला एकदा वरून तोंडी सांगितलं होतं, "अमुक मुलीचा अर्ज आला तर घेऊ नका." मी म्हटलं, लेखी द्या. लेखी आलं नाही, अर्ज घेतला. प्रत्येक खिडकीत असा माणूस भेटेलच असं नाही, म्हणून दुसरी वाट सांगतो: पोस्टातून पोचपावतीसह टपाल, आणि त्याच दिवशी अर्जाची पीडीएफ कुलसचिव व समिती दोघांना ईमेल. मग "मिळालंच नाही" म्हणायची सोय उरत नाही.

पायरी ७ : अर्ज दिल्यानंतरचे दिवस

पहिल्यांदा गावी फोन जाईल. "तुमचा मुलगा अभ्यास सोडून भलत्या नादाला लागलाय." हे ठरलेलं आहे. म्हणून अर्ज देण्याच्या आदल्या रात्री घरी स्वतः सांगा. सगळं सांगायची गरज नाही, "एक तक्रार दिलीय, कॉलेजातून फोन आला तर मला विचारा" एवढं पुरे.

मग गुण. कमी पडले असं वाटलं तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागा आणि मुदतीत पुनर्मूल्यांकन टाका. मुदत फार थोडी असते, निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचा. स्वतःची उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे.

समितीने काहीच कळवलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांत. महाराष्ट्राच्या नियमांतच तशी मर्यादा आहे. "माझ्या आवक क्र. … दि. … च्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची टिप्पणीसह प्रत" इतकंच मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. टिप्पणी म्हणजे फाईलच्या कडेने साहेबांनी जे लिहिलेलं असतं ते. खरी गोष्ट तिथे असते.

झोप उडाली, जेवण जाईना, तर तक्रारीच्या निकालाची वाट बघू नका. टेली-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

पायरी ८ : तुम्हालाच बोलायचं असेल तेव्हा

इथवर दुसऱ्याने काय केलं ते झालं. आता तुम्ही पत्रक काढताय, पथनाट्य बसवताय, व्याख्याता बोलावताय.

या राज्यात एका विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं माणसं रस्त्यावर होती. विधिमंडळाने १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात घरं जळली, माणसं मेली. आवारातलं पत्रक ही क्षुल्लक गोष्ट आहे, असं निदान मराठी माणसाला सांगू नये.

सभागृहासाठी अर्ज लेखी, निदान दहा दिवस आधी, विद्यार्थी विकास मंडळाकडे किंवा विभागप्रमुखांमार्फत. नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही. मागच्या महिन्यात तेच सभागृह दुसऱ्या संघटनेला मिळालं होतं का, हे बघा. तुम्हाला नकार आणि त्यांना होकार, हा समानतेचा प्रश्न होतो आणि भाषणस्वातंत्र्याच्या मोठ्या वादापेक्षा तो जास्त लवकर पटतो. आवाराबाहेर मोर्चा न्यायचा असेल तर पोलिसांची परवानगी लागते. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश आहे का, ते ठाण्यात विचारा.

फलकावर संस्थेचं नाव घालू नका. हे गंमत म्हणून सांगत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०२४ मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या मोर्चात संस्थेचं नाव असलेल्या फलकाखाली भाग घेतला, हा एक आक्षेप होता. उच्च न्यायालयाने त्याची याचिका मार्च २०२५ मध्ये फेटाळली. राजकीय मत असायला हरकत नाही, पण ते संस्थेचं मत आहे असं भासता कामा नये, असा त्यातला रोख. पुढे सर्वोच्च न्यायालयाने झालं तेवढं निलंबन पुरे म्हणून त्याला परत जाऊ दिलं. तोवर वर्षभर गेलं होतं. शिक्षा मला अवाजवी वाटते. पण 'अमुक विद्यापीठाचे काही विद्यार्थी' एवढं लिहिल्याने काम होत असेल तर तसंच लिहा.

नाटक, विडंबन करणाऱ्यांनी जास्त सावध राहावं, असं म्हणायची पाळी आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं नाटक बंद पाडलं गेलं आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय, गटागटांत वैर पसरवण्याचं १५३-अ हे १९६ झालंय. पोलीस ठाण्यात हेच दोन आकडे तुमच्या कानावर पडतील. म्हणून प्रयोगाची संहिता तारखेसह जपून ठेवा, प्रयोग चित्रित करा. कापलेली अर्ध्या मिनिटाची क्लिप फिरायला लागली की पूर्ण चित्रण हाच तुमचा बचाव.

मोबाईलवरचं तर विचारूच नका. मे २०२५ मध्ये पुण्यात एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून अटक झाली. तिने पोस्ट काढली होती, माफीही मागितली होती. महाविद्यालयाने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि महाविद्यालयाला खडसावलं, जामीन दिला, काढून टाकल्याचा आदेश रोखला आणि परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. तोवर परीक्षा सुरू झाली होती. कायदा तिच्या बाजूने होता, वेळापत्रक नव्हतं. पोस्ट टाकण्याआधी हा हिशेब मनात करा, मग टाकायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी 'टाकू नका' म्हणणार नाही.

न्यायालयांनी बरंच काही आपल्या बाजूने लिहून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, मताचा प्रचार आणि चिथावणी असे तीन टप्पे सांगितले. पहिल्या दोनांवर बंदी नाही, तिसऱ्यावर घालता येते. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरच्या गुन्ह्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शब्दांचा परिणाम कणखर मनाच्या माणसाच्या मापाने मोजायचा, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नव्हे. नोटिशीला उत्तर देताना हे उपयोगी पडतं.

पायरी ९ : 'कारणे दाखवा' आली तर

घाबरून त्याच दिवशी माफीनामा लिहून देऊ नका. नोटीस स्वीकारा, पोच द्या, आणि लेखी मागा: माझ्याविरुद्धच्या तक्रारीची प्रत, कुठल्या नियमाचा भंग झाला तो नियम, पुराव्याच्या प्रती, आणि उत्तराला सात दिवस. बाजू ऐकून घेतल्याशिवाय केलेली शिक्षा न्यायालयात टिकणं कठीण असतं, आणि पुण्याच्या त्या मुलीच्या प्रकरणातही नेमकं तेच आडवं आलं. उत्तर तथ्यांपुरतं ठेवा: मी हे बोललो, हे बोललो नाही, पूर्ण चित्रण सोबत.

आणि खरोखर चुकलं असेल? गमतीत कुणाच्या आडनावावरून, रंगावरून, चालण्यावरून बोलला असाल तर "माझं भाषणस्वातंत्र्य" म्हणून ढाल पुढे करू नका. पायरी दोनमधली कसोटी स्वतःला लावा. ज्याला बोललात त्याला जाऊन सांगा, ग्रुपवर नको.

पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली तर ती चौकशीला हजर राहण्याची असते. जायचं, एकटं नाही, वकील किंवा शिक्षक घेऊन. न वाचता कशावरही सही नाही. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं.

राहिलं एकच. आवकची खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद असते आणि संध्याकाळी शिक्का लवकर कपाटात जातो. अर्ज द्यायला सकाळी अकराला या, दोन प्रती आणि स्वतःचं पेन घेऊन. खिडकीतल्या पेनला दोरी असते आणि त्यात शाई नसते.